मासा कांठाशींच असतो

वैशाखांत आपल्याकडील नद्या आटूं लागतात; त्याच सुमारास अमेरिकेंतील यलोस्टोन नदीला पूर चढूं लागतो. रॉकी पर्वतावरचें हिंवाळ्यांतील बर्फ वितळून मे-जूनमध्यें ती दुथडी भरून वाहते. तिच्या मुख्य प्रवाहावर पाणी सांठविणारें मोठें धरण नाहीं. जून २०२२ मध्यें वितळत्या बर्फावर मुसळधार पाऊस पडला, तेव्हां तिनें रस्ते वाहून नेले व यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान प्रवाशांपासून रिकामें करावें लागलें.

अशा नदीवर वसंतांत गळ टाकावयास जाणारे लोक आहेत. आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरांत मासा शिरत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ही कला पोटासाठीं नव्हे. गळाला आमिष नसतें. पिसें व दोरा बांधून कीटकाची प्रतिकृति करावयाची आणि ती पाण्यावर अलगद सोडावयाची. उद्यानाच्या हद्दींत तर तेथील मूळचा कटथ्रोट ट्राउट हातीं लागल्यास पाण्यांत परत सोडणें सक्तीचें आहे.

नवख्याला वाटतें, मोठा मासा मोठ्या धारेंतच असणार. तो कमरेइतक्या पाण्यांत उतरतो व फसतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. तळचे गुळगुळीत गोटे गढूळपणामुळें दिसत नाहींत आणि बर्फाच्या पाण्यानें पाय बधिर होतात. एवढें करून मासा तेथें नसतोच! धारेशीं झुंजण्यांत मिळेल त्या अन्नाहून अधिक शक्ति खर्चावी लागते. म्हणून ट्राउट कांठापासून हात-दीड हातावर, दगडाआडच्या संथ पाण्यांत राहतो. त्याचें अन्नहि तेथेंच येतें. सामनफ्लाय नांवाचा सुमारें दोन इंची कीटक तीन-चार वर्षें तळच्या दगडांखालीं काढतो आणि पूर ओसरूं लागला म्हणजे सरपटत कांठाला येतो. तेथें त्याला पंख फुटतात. घाईनें पाण्यांत शिरणारा मनुष्य ज्याला शोधतो, त्यालाच पायाखालून हुसकावून लावतो.

जाणता मनुष्य कांठापासून दोन पावलें मागें, कोरड्या जमिनीवर उभा राहतो आणि मोठी, काळसर माशी अगदीं कडेलगत सोडतो. पाणी फारच गढूळ व अनावर दिसलें, तर काठी आवरून मुकाट्यानें परततो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. नदी उद्यांहि तेथेंच असणार. आपण असावें, एवढीच काळजी घ्यावयाची. वेळेवर घरीं परतणें हाहि त्या कलेचाच एक भाग आहे.