चिमणीखालचं अंगण

मंडळी, मागच्या महिन्यात मुंबईला मुलाकडे गेलो होतो. रविवारी नात म्हणाली, "आबाजी, चला, लोअर परळचं फिनिक्स दाखवते." मॉल म्हणजे काचेची बंद पेटी, अशी माझी समजूत. पण इथं तर मधोमध मोकळं अंगण निघालं! वर आभाळ, भोवती दुकानं, खाण्याची ठिकाणं, सिनेमा, पळणारी पोरं. खरं सांगतो, बरं वाटलं. आमच्या अचलपूरच्या बाजारात काही लोक नुसते माणसं पाहायला येतात, तसेच इथंही येतात. खिशात हात न घालता तासभर सहज जातो.

मग मान वर केली, तर गिरणीची चिमणी.

"ही कशाची गं?" नातीला विचारलं. "शोभेची असेल," ती म्हणाली. आता मास्तर गप्प बसतो थोडाच! सांगितलं तिला, ही १९०५ सालची फिनिक्स मिल. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा मुंबईतल्या गिरण्यांमधून अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुष्कळांना परत आत जाताच आलं नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मोकळ्या जागेचा, घरांचा आणि मालकाचा. २००१ च्या दुरुस्तीने फक्त रिकाम्या जमिनीचे वाटे धरले, आणि पहिल्या दोघांच्या पदरात थोडंच पडलं.

ही गोष्ट मला परकी नाही. आमची विदर्भ मिल बंद पडल्यावर, प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असतानाच्या काळात, अचलपुरात फिनले मिल आली. मूळची ती याच गिरणगावातली. कापूस पिकतो तिथंच सूत निघणार, म्हणून केवढा आनंद झाला होता! मार्च २०२० च्या टाळेबंदीत तीही थांबली. ती सुरू करा म्हणून कामगारांनी आंदोलनं केली.

आता उद्या कोणी म्हणालं, या जागेवर असंच झकपक अंगण करू, गाव जागं होईल, तर? मला पटणार नाही. लोअर परळला ते चालतं, कारण भोवती कचेऱ्या उभ्या राहिल्या, तिथले पगार या दुकानांत येतात. आमच्या पोरांच्या हाताला कामच नसेल, तर ती अंगणात येऊन घेणार काय? बाजार पैसा फिरवतो, पण तो आधी कुणीतरी कमवावा लागतो. आधी भोंगा वाजू द्या, दिवे मग लावा.

माझा मॉलला विरोध नाही. पण चिमणी ठेवली तशी तिच्याखाली राबलेल्यांची आठवणही ठेवा, एवढंच.

असो. निघताना नात म्हणाली, "आबाजी, तुमच्या गावची मिल दाखवाल मला?"

म्हटलं, "ये दिवाळीत. मिल दाखवीन. भोंगा ऐकवणं मात्र माझ्या हातात नाही."