चाँद एकच, मग दुर्बिणीत दोन कसे?

मागच्या वर्षी शाबानच्या २९ तारखेची गोष्ट. मगरीबची नमाज आटोपून आमच्या घाटकोपरच्या इमारतीतली निम्मी माणसे गच्चीवर जमली होती. पश्चिमेला टेकडी, टेकडीवर चढत गेलेली घरे आणि त्यांच्या वर जेमतेम चार बोटे मोकळे आकाश. दिराच्या मुलाने त्याच दुपारी रस्त्यावरून चौदाशे रुपयांची दुर्बीण आणली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२०×५०' लिहिलेले. त्याने ती आधी आजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात दिली. अब्बांनी ती डोळ्यांना लावली, खालीवर केली आणि मला म्हणाले, "बेटी, चाँद एकच आहे ना? मला दोन दिसतात."

सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. दुर्बीण कठड्यावर ठेवून ते मुलांना विचारू लागले, "कुठे आहे रे? त्या टाकीच्या उजवीकडे का?" गेल्या काही वर्षांपर्यंत गच्चीवर पहिली चंद्रकोर तेच दाखवत असत. आता वय बाहत्तर, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला ते लागले. साठवलेल्या पैशांतून एक बरी दुर्बीण घ्यायची, असे मी त्या रात्री ठरवले. नऊ-दहा हजार रुपये आपल्यासारख्या घरात सहज निघत नाहीत. म्हणून आधी नीट शिकून घेतले. जे कळले ते या वेळच्या सदरात लिहिते.

पहिली गोष्ट त्या दोन चाँदांची. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत दोन नळ्या असतात. त्या एकमेकींना अगदी समांतर असल्या तरच दोन्ही डोळ्यांतली चित्रे एकमेकांवर बसतात. स्वस्त मालात हे जुळवलेले नसते, किंवा एका धक्क्याने बिघडते. थोडा फरक असेल तर डोळे ओढून-ताणून चित्र एक करतात आणि दहा मिनिटांत डोके दुखू लागते. फरक जास्त असेल तर सरळ दोन चंद्र दिसतात. दोष अब्बांच्या डोळ्यांचा नव्हता.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ८×४२ लिहिले असेल तर ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुकानात आपण पहिल्या आकड्याला भुलतो. वीस म्हणजे आठापेक्षा चांगले, असे वाटते. पण वस्तू जितकी मोठी होते, तितकीच हाताची थरथरही मोठी होते. वीसपटीची दुर्बीण तरुण माणसालाही हातात स्थिर धरता येत नाही. दहापट ही हाताने धरण्याची साधारण मर्यादा. वयस्कर हातांना आठपट बरी.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत इतके मिलिमीटर रुंद असतो. १०×५० मध्ये तो ५, २०×५० मध्ये अडीच, तर ७×५० मध्ये ७ पेक्षा थोडा जास्त. आपल्या डोळ्याची बाहुली पूर्ण अंधारात तरुणपणी सातेक मिलिमीटर उघडते, पण वय वाढते तशी ती कमी उघडते. शिवाय मुंबईच्या गच्चीवर पूर्ण अंधार असतोच कुठे? म्हणजे ७×५० चा रुंद झोत आपल्या उपनगरांत बराचसा वाया जातो आणि २०×५० चा अरुंद झोत संध्याकाळच्या उजेडात चित्र काळवंडून टाकतो. दिवसा पक्षी आणि रात्री आकाश, दोन्ही पाहायचे असेल तर ८×४२ घ्यावी. घरात फक्त तरुण मुले असतील आणि ओढ मुख्यतः ताऱ्यांची असेल तर १०×५० घ्यावी. मात्र १०×५० चे वजन पाऊण ते एक किलोच्या घरात जाते, हे लक्षात असू द्या. 'झूम' दुर्बीण या किमतीत घेऊच नये. तिच्यात एकही आकडा धड चालत नाही.

तिसरी गोष्ट बांधणीची. एका प्रकारात पुढची भिंगे डोळ्यांच्या भिंगांपेक्षा दूर-दूर असतात, जुन्या चित्रपटातल्या कप्तानाच्या दुर्बिणीसारखी. तिला पोरो म्हणतात. दुसऱ्या प्रकारात नळ्या सरळ असतात. तिला रूफ म्हणतात. त्याच पैशात पोरोचे चित्र बहुधा जास्त स्वच्छ मिळते. रूफ सुटसुटीत असते आणि तिच्यात पाणी आत न शिरणारी, नायट्रोजन भरलेली जात सहज मिळते. आपल्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, म्हणून खाडीकाठी किंवा पावसात वापरायची असेल तर ही जात बघावी. पोरो घेतली तर जून ते सप्टेंबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कपड्यांच्या कपाटात नको.

मी फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत गेले. अब्बांना बरोबर नेले, कारण ज्याचे डोळे त्यानेच पारख करावी. निकॉन, ऑलिंपस, सेलेस्ट्रॉन यांच्या मधल्या किमतीच्या दुर्बिणी पाहिल्या. नाव कुठलेही असो, दुकानात या गोष्टी तपासा.

दुकानाच्या दारात उभे राहून दूरच्या इमारतीवरची आडवी तार किंवा पाण्याच्या टाकीची कड पाहा. ती दुहेरी दिसली तर दुर्बीण परत ठेवा.

दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि डोळ्यांच्या भिंगांतले उजेडाचे ठिपके पाहा. ते पूर्ण गोल हवेत. चौकोनी कापल्यासारखे दिसले तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत. चांगल्या काचेला 'बॅक-४' म्हणतात. ते खोक्यावर लिहिलेले असते.

पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. हिरवट किंवा जांभळट आणि मंद असेल तर भिंगांवर लेप नीट दिलेला आहे. पांढरे झगझगीत असेल तर लेप नाही. लालभडक चकाकणारी भिंगे टाळा.

चष्मा असणाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्या. डोळा भिंगापासून किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, तो आकडा १५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. आणि डोळ्यांकडची रबरी कड दुमडता यायला हवी. फक्त साधा नंबर असेल तर चष्मा काढून चाकाने नंबर जुळवता येतो. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवूनच पाहावे.

उजव्या डोळ्याचे वेगळे चाक फिरते का, तिपाईला जोडायची आटे असलेली जागा आहे का, हे पाहा. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या.

आम्ही ८×४२ पोरो घेतली. घरी आल्यावर पहिले काम केले ते सगळ्या मुलांना बसवून दोन नियम सांगण्याचे.

पहिला नियम डोळ्यांचा. दुर्बीण सूर्याकडे कधीही नाही, क्षणभरही नाही. डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखतही नाही. चंद्रकोर शोधतानाही सूर्याचा पूर्ण गोळा बुडाल्याशिवाय दुर्बीण उचलायची नाही. मगरीबची अजान होऊ द्या, मग शोधा.

दुसरा नियम नजरेचा. आपल्या उपनगरांत समोरच्या इमारतीची खिडकी हातभर अंतरावर असते. हातात दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाबद्दल शेजारी काय समजतील, हे आपणच ओळखायला हवे. नजर खाली ठेवण्याची शिकवण आपल्याकडे लहानपणापासून असते. दुर्बिणीला ती आठपट लागू होते. आमच्याकडे दुर्बीण खिडकीतून किंवा बाल्कनीतून वापरत नाहीत. गच्चीवरच, आणि आकाशाकडेच. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगितले आणि त्यांच्याही मुलांना बोलावले. कुरबुर झाली नाही.

आता पाहायचे काय आणि कधी? यासाठी घरातले हिजरी कॅलेंडरच सगळ्यात कामाचे. सात-आठ तारखेला चंद्र अर्धा असतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि चंद्राचे डोंगर-खळगे अगदी उठून दिसतात. चौदा-पंधराला पूर्ण चंद्र मात्र सपाट दिसतो आणि डोळे दिपवतो. ताऱ्यांसाठी महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस आणि नव्या महिन्याचे पहिले दोन-तीन दिवस चांगले.

घाटकोपरच्या गच्चीवरूनही हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका, म्हणजेच सुरैया, पाहता येतो. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, दुर्बिणीत कितीतरी. गुरू वर असेल तर कोपरे कठड्यावर टेकून पाहा, त्याचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे एका ओळीत दिसतात. शनीची कडी या दुर्बिणीत दिसणार नाही. मुलांना आधीच सांगा, म्हणजे ती हिरमुसणार नाहीत. खरा अंधार हवा असेल तर घाटकोपर किंवा मुलुंडहून कर्जत लोकलने वांगणीला जा. तिथे खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. तशा आकाशात देवयानी दीर्घिकेचा धूसर डाग दिसतो. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची छोटा ढग म्हणून नोंद केली होती. त्यांच्याकडे तर दुर्बीणही नव्हती.

दिवसा हीच दुर्बीण घेऊन ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीवर जा. साधारण नोव्हेंबर ते मे तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, असतात. २०१५ साली तो भाग अभयारण्य झाला. बोरिवली-अंधेरीच्या मंडळींना राष्ट्रीय उद्यान जवळ. मुंबईतच वाढलेले डॉ. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. पिवळ्या गळ्याची एक वेगळीच चिमणी हाती लागली, तेव्हा मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना ती ओळखून घेण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पोरांच्या हातात काय द्यायचे, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचे असते.

चंद्रदर्शनाबद्दल एक खुलासा. दुर्बिणीने पाहिलेला चाँद ग्राह्य धरायचा की नाही, महिना कधी सुरू झाला, हे उलेमा आणि हिलाल कमिटी सांगतील, तेच ऐकावे. दुर्बिणीचा उपयोग कोर कुठे आहे ते शोधण्यापुरता. जागा सापडली की दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहावे. जागाही विचार करून निवडा. वर्सोवा, गोराईला पश्चिमेला समुद्र आहे, तिथे कोर अगदी खाली उतरेपर्यंत दिसते. मुलुंडला पश्चिमेला उद्यानाचे डोंगर आहेत, तिथे ती लवकर लपते.

त्या रमजानच्या २९ तारखेला गच्चीवर ढग होते. काहीच दिसले नाही, तीस रोजे पूर्ण झाले. पुढे जिल्हजचा चाँदही ढगांनी खाल्ला आणि मग पावसाळा लागला. दुर्बीण डब्यात गेली. ऑक्टोबर सरताना आभाळ मोकळे झाले. नव्या चाँदाच्या दुसऱ्या संध्याकाळी अब्बा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, कोपरे कठड्यावर टेकवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुर्बीण खाली घेतली, डोळे बारीक करून पाहिले आणि नातीला जवळ ओढून म्हणाले, "त्या टाकीच्या डावीकडे बघ, उजवीकडे नाही."