जाळं हरवल्याची वर्दी कुठे द्यायची?

प्रति,
माननीय आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य



मी मालवणच्या एका गिलनेटवाल्याचा मुलगा. पर्यटकांना स्कुबा करवून पोट भरतो. बाबांनी जन्मभर जाळी पाण्यात सोडली, त्यातली परत न आलेली काही मी आता खाली बघतो. कुणाची कुठली ते कळत नाही, पण जाळं बघितलं की कुठल्या तरी घरातला तो दिवस डोळ्यांसमोर येतो. आमच्याकडे जाळं गेलं की आई दोन दिवस बाबांना काही विचारत नसे. मी एकदा विचारलं, कुठे सांगायचं नाही का? बाबा म्हणाले, "जाळां गेलां मरे. दर्याकडे काय पावती मागतलंस?"

हे पत्र त्या पावतीसाठीच आहे.

शहरातल्या कार्यक्रमांत समुद्रातल्या जाळ्यांविषयी बोलताना मच्छिमार जणू प्लास्टिकच्या पिशवीसारखं जाळं फेकतो असा सूर लागतो. तो ऐकून माझं डोकं फिरतं. जाळं भरायला महिनोन्‌महिने जातात, कर्ज होतं. ते कोण फेकेल? रात्री सोडलेल्या जाळ्यावरून ट्रॉलर जातो आणि सकाळी दोराचं नुसतं टोक हाती येतं. कधी पाण्याची ओढ जाळं खडपात नेऊन घालते. ओढत राहिलं तर होडी कलंडायची, म्हणून तांडेल स्वतःच्या हाताने दोर कापतो.

आमच्या आजोबांची जाळी सुताची आणि तागाची होती. हरवली तर कुजून जायची. नायलॉन कुजत नाही आणि समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. वरच्या दोराला फ्लोट, खालच्या दोराला शिसं, त्यामुळे सुरुवातीला ते तळावर भिंतीसारखं उभं राहतं आणि मासेमारी चालूच ठेवतं. तांबोशी अडकते, मरते. तिला खायला खेकडे येतात, तेही अडकतात. मग जाळ्यावर शेवाळ आणि शिंपले धरतात, वजनाने ते खाली येतं आणि खडपावर चादरीसारखं पसरतं. त्या चादरीखाली प्रवाळाला ना ऊन मिळत, ना नीट पाणी. एका हिवाळ्यात अशा जाळ्यात मी एक जिवंत शेवंड पाहिली. मिशा आणि पाय असे गुरफटले होते की तिला सोडवण्यातच माझी अर्धी हवा संपली. जाळं होतं तिथेच राहिलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धरून ओढलं की झालं. ओढलं तर जाळ्याबरोबर प्रवाळ मोडून येतं, आणि २००१ पासून प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून जाळं जागच्या जागी कात्रीने तुकडे करून सोडवावं लागतं. एकाने कापायचं, दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची, कारण आपल्याच टाकीची नळी किंवा फिन कधी अडकेल सांगता येत नाही. सुटलेला भाग लिफ्ट बॅगला बांधून तिच्यात हवा सोडायची. एक लिटर हवा साधारण किलोभर वजन उचलते. पण दहा मीटरवरची हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट फुगते. ती वाटेत सोडत राहिलं नाही तर बॅग सुसाट वर जाते आणि जाळ्यात हात अडकलेला माणूस तिच्याबरोबर. ३० मीटरवर साध्या हवेवर जेमतेम वीस मिनिटं मिळतात. पर्यटकाला किल्ल्याजवळ मासे दाखवणाऱ्या प्रत्येकाने या कामात उतरू नये, हे मी धंद्यातला असूनही सांगतो. ३० मीटरहून खोल गेलेलं जाळं तर आमच्या आवाक्यातलंच नाही.

साहेब, आपल्या खात्याने एक गोष्ट फार चांगली केली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये वन विभागाच्या कांदळवन कक्षाबरोबर योजना काढली. जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) सापडला आणि मच्छिमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. मच्छिमार फोटो काढू लागले, जनावरं सुटली. विश्वास ठेवला तर आमचा माणूस कळवतो, हे त्यातून दिसलं. पण कासवासाठी कापलेल्या जाळ्याला फाइल आहे आणि खडपात हरवलेल्या जाळ्याला नाही, हे काही मला कळत नाही. तेच जाळं पुढे खाली राहून कासवं मारतं.

नॉर्वेत जाळं हरवलं तर मच्छिमाराने आधी स्वतः शोधायचं आणि नाही सापडलं तर कळवायचं, असा कायदा आहे. तिथलं मत्स्य संचालनालय १९८० च्या दशकापासून दर वर्षी जहाज पाठवून कळवलेल्या जागी गळ फिरवतं आणि जाळी वर काढतं. आपल्याकडे उद्या जहाज द्या असं मी म्हणत नाही. पण कळवायची सोय जहाजाच्या कितीतरी आधी लागते. होडीवर जीपीएस आहे, कुठे गेलं ते तांडेलाला ठाऊक असतं. आठ दिवसांत काढलेलं जाळं धुऊन, सांधून परत सोडता येतं. आठ महिन्यांनी काढलं तर तो कचरा. मालकाला माल मिळणार असेल तर तो बोटीचं डिझेल स्वतः घालेल, हे मी बाबांवरून सांगतो.

अडचण भीतीची आहे. मालवणचा मच्छिमार अभयारण्याच्या नावानेच बिचकतो, १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासूनचा अनुभव आहे तो. जाळं अमक्या खडपावर गेलं असं लिहून दिलं आणि उद्या तोच कागद दंडाला किंवा बंदीला आधार झाला तर? म्हणून नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे आपल्या सहीने लेखी हवं. आणि अभयारण्यात बुडी मारायची परवानगी वन विभागाकडून आपल्या खात्यानेच एकदा घेऊन ठेवावी. खडपावरच्या जाळ्याला हद्द माहीत नसते, पण आम्हाला प्रत्येक वेळी दोन खात्यांचे जिने चढायला लावू नका.

पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून होड्या पुन्हा लोटतील. त्याआधी प्रत्येक बंदरावर एक वही आणि एक फोन नंबर ठेवा. पाणी निवळलं की बुडी मारायला आम्ही आहोत.

आपला,
मालवणचा एक पाणबुड्या