ऐकणं म्हणजे कॉपी करणं नव्हे

तिसरीतल्या मुलाला अक्षरं जुळवता येत नाहीत. आई मोबाइलवर गोष्टीचं ऑडिओबुक लावून देते. ते कळताच शाळेतून निरोप येतो : 'ऐकायची सवय लावाल, तर तो वाचायला कधीच शिकणार नाही.' हे काळजीपोटी म्हटलं जातं, पण ते चूक आहे आणि त्याची किंमत मूल मोजतं.

वाचनात दोन कामं असतात. अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि ऐकलेली भाषा समजणं. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं, की आकलन हा या दोन्हींचा गुणाकार असतो. एक शून्य, तर उत्तर शून्य.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची अडचण मुख्यतः पहिल्या कामात असते. पुस्तक वाचता येत नाही म्हणून गोष्टीही बंद केल्या, तर नवे शब्द, लांब वाक्यं, जगाची माहिती, सगळंच थांबतं. पुढे अक्षरं जुळू लागली, तरी अर्थ लागत नाही. पहिली अडचण त्याची जन्माची असते. ही दुसरी मात्र आपण लादलेली.

आपल्या अनेक घरांत दखनी किंवा उर्दू बोलतात आणि मूल शाळेत मराठीतून शिकतं. त्याच्या कानावर पुस्तकी मराठी पडणार कुठून? नानीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपणच 'ऐकून काय शिकणार?' असं विचारावं?

अर्थात, इयरफोन देऊन मुलाला मागच्या बाकावर बसवणं ही मदत नव्हे. अक्षरं आणि त्यांचे आवाज रोज, धीराने, वेगळे शिकवावेच लागतात. ऐकताना ओळीखालून बोट फिरवावं, मग तोच उतारा मुलासोबत मोठ्याने वाचावा.

कायदाही आडवा येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग मुलाच्या शिक्षणासाठी पुस्तक त्याला वापरता येईल अशा रूपात आणता येतं. शिक्षकाने स्वतःच्या मोबाइलवर धडा वाचून रेकॉर्ड केला, तरी सुरुवात होते.

पुढच्या पालक सभेत गुणांच्या आधी एवढंच विचारा : ज्याला वाचता येत नाही, त्याच्या कानापर्यंत धडा पोचवायला तुम्ही काय करता? चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण कॉपीबहाद्दर म्हणत नाही. मग यालाच का म्हणायचं?