चार वर्षांची कला, सात दिवसांची कारागिरी

काच, चिनीमाती आणि शिल्प हे विषय महाविद्यालयात शिकवण्यासाठी सरकारने पैसा का खर्च करावा, असा प्रश्न आता शहाणीसुरती माणसेही विचारू लागली आहेत. भट्टीला इंधन लागते, विद्यार्थी मोजके आणि नोकऱ्या त्याहून मोजक्या. तेव्हा ज्याला हौस असेल त्याने पदरचे शुल्क भरून शिकावे, असा त्यांचा हिशेब असतो. अर्थशास्त्र शिकवण्यात उमेद घालवलेल्या माणसाला हा हिशेब अर्धवट वाटतो. पण कलेचे कैवारी त्यावर जे उत्तर देतात तेही तितकेच तोकडे आहे. ‘कलेला मोल नसते’ असे म्हणून ते मोकळे होतात. सार्वजनिक पैशाने पेटणाऱ्या भट्टीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न दोन्ही पक्ष टाळतात.

जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्प शिकवू लागले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. १८९१ साली तेथे कारागिरीच्या कार्यशाळाही निघाल्या. म्हणजे हात आणि बुद्धी यांना एका छपराखाली आणण्याची संधी आपल्याला मिळाली होती. परंतु वर ‘कलावंत’ आणि खाली ‘कारागीर’ अशी उतरंड आपण रचली. ही उतरंड रचण्यास आपल्याला परक्या राज्यकर्त्यांची गरज नव्हती. जातिव्यवस्थेने तिचा साचा आधीच तयार ठेवला होता.

याच महाराष्ट्रात दुसरी वाटही होती. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवला, लोकमान्यांनी त्यांच्या पाठीशी बळ उभे केले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. परदेशी जाऊन काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मार्गदर्शक होते. तो कारखाना होता आणि शाळाही होती. तेथे तयार झालेली माणसे पुढे देशातील इतर काचकारखान्यांत गेली. सामान्य माणसाच्या पैशावर विद्या उभी राहते आणि ती कामगाराच्या हातात जाते, याचा हा पुरावा आहे.

आज काय दिसते? कलामहाविद्यालयातील पदवीला चार वर्षे लागतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार आणि मूर्तिकार यांच्यासाठी मूलभूत प्रशिक्षण आहे पाच ते सात दिवसांचे! पुढचे प्रगत प्रशिक्षण ऐच्छिक, तेही पंधरा दिवसांचे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात, कमी व्याजाने कर्ज मिळते. त्या मदतीला माझा विरोध नाही. पण योजनेच्या अठरा व्यवसायांत काचकामगाराला जागा नाही, आणि बाकीच्यांची ओळख ‘कुटुंबाधारित पारंपरिक’ व्यवसाय अशी केली आहे. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे, तेही आठवडाभराच्या विद्येवर, असा याचा अर्थ होत नाही काय? रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. ती अजून निकालात निघालेली नाही.

आता भट्टीच्या हिशेबाकडे वळू. काच वितळवण्यास सुमारे चौदाशे अंश उष्णता लागते, आणि मोठी भट्टी एकदा पेटवली की रात्रंदिवस तापती ठेवावी लागते. तेथे दहा माणसांनी काम केले काय की शंभरांनी, इंधनाचा मोठा भाग जळायचा तो जळतोच. म्हणून भट्टी परवडत नसेल तर तिचा उपाय ती विझवणे हा नाही. ती अधिक हातांना खुली करणे हा आहे. मूठभरांसाठी चालणारी भट्टी महाग पडते आणि मग तिचा बोजा शुल्कावर येतो. शुल्क वाढले की गरिबाचा मुलगा आधी बाहेर पडतो. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मानणाऱ्यांनी शुल्कावरचा लोकांचा अंकुश कोण राखणार, हेही विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, कारागिराला पदवी कशाला? पेणच्या मूर्तिकाराला विचारा. प्लास्टरच्या मूर्तींचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत घोळतो आहे. शाडूइतकी निर्मळ आणि प्लास्टरइतकी हलकी व स्वस्त मूर्ती कशी घडवावी, हा प्रश्न मुळात मृत्तिकाशास्त्राचा आहे. तो महाविद्यालयाने सोडवायचा नाही, तर कोणी? दगड फोडणाऱ्या पाथरवटाच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. धूळ कशी आवरावी हे शिल्पविभागाला ठाऊक असते. पाथरवटापर्यंत ते ज्ञान पोचत नाही. ही कलेची हानी नव्हे, हा अन्याय आहे.

म्हणून पक्षाने तीन मागण्या धराव्यात. कलामहाविद्यालयांच्या कार्यशाळा संध्याकाळी परिसरातील कारागिरांना मोफत खुल्या कराव्यात. हाताने मिळवलेले कौशल्य पदवीच्या प्रवेशात आणि गुणांत धरावे. आणि कुशल कुंभाराला, पाथरवटाला, काचकामगाराला तेथे शिक्षक म्हणून कायम पगारावर नेमावे. प्रात्यक्षिकापुरते बोलावून शाल-श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करू नये.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यातील कलामहाविद्यालयात जाऊन एवढेच विचारावे: तुमच्या भट्टीवर गेल्या वर्षी किती कुंभारांनी काम केले? उत्तर शून्य असेल, तर लढ्याची सुरुवात तेथूनच करावी.