बैलाच्या पोटांतील बिऱ्हाड

बारामती व इंदापूर तालुक्यांतील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं गाय, बैल किंवा निदान एखादी शेळी असते. कांगारूचें चित्र त्यांस ओळखतां येतें. परंतु गोठ्यांतील बैल कडबा कसा पचवितो, असें विचारलें असतां 'रवंथ करून' एवढेंच उत्तर मिळतें. आमच्या मतें तें अपुरें आहे. कडब्यांतील तंतु विरघळविणारा पाचकरस बैलाच्या शरीरांत उत्पन्नच होत नाहीं. तें काम त्याच्या कोठीपोटांतील सूक्ष्म जंतु करतात. मोठ्या बैलाच्या कोठीपोटांत शंभर लिटरांहून अधिक मावतें, आणि तेथील रसाच्या एका थेंबांत कोट्यवधि जंतु असतात. त्यांपैकीं कांहीं इ. स. १८४३ मध्यें ग्रूबी व देलाफों यांनीं प्रथम पाहिले. बैल त्यांस ऊब, ओल व चारा देतो. ते चारा आंबवून त्याचीं आम्लें करतात, आणि त्या आम्लांच्या बळावर बैल नांगर ओढतो. शेवटीं ते जंतु स्वतःच पुढें पचून त्याचें अन्न होतात. एवढें भाडें देणारा बिऱ्हाडकरू आम्हीं अन्यत्र ऐकिला नाहीं!

हें सख्य फार जुनें आहे. कांगारू हा पोटावरील पिशवींत पिलूं वाढविणारा, म्हणजे शिशुधान प्राणी. त्याचे व बैलाचे पूर्वज सुमारे १६ कोटि वर्षांपूर्वीं विभक्त झाले. तरीही गवतावर उपजीविका करण्याची वेळ आली तेव्हां दोन्ही कुळांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, जठराचा पुढचा भाग जंतूंस राहावयास दिला. कांगारूचा आप्त कोआला. त्याची मादी पिलास आपल्या आतड्यांतील मऊ मळ चारते, आणि त्यांतून निलगिरीचीं पानें पचविणारे जंतु पिलास मिळतात. आपलें वासरूही हे जंतु जन्मतः आणीत नाहीं. आईच्या लाळेंतून, चाटण्यांतून व गोठ्यांतून तें ते मिळवितें. रक्ताबरोबर असा जंतूंचाही वारसा पिढ्यान् पिढ्या चालतो, आणि दोघे एकमेकांस व ठराविक चाऱ्यास जुळत जातात.

आतां बैलपोळ्यास काय होतें तें पाहा. एरवीं कडबा व उसाचे वाढे खाणाऱ्या बैलापुढें त्या दिवशीं पुरणपोळ्यांची व धान्याची पाटी येते. शेजारीपाजारीही आपापली पोळी चारतात. ह्या कृतज्ञतेस नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु पीठ व गूळ यांवर पोसणारे जंतु कांहीं तासांतच बेसुमार वाढतात, तीव्र आम्ल सांठतें, तंतु पचविणारे मरूं लागतात, पोट फुगतें आणि प्रसंगीं जनावर दगावतें. मग घरचे लोक दृष्ट लागली म्हणतात. दुभत्या गाईचा खुराक एकाएकीं वाढविल्यानेंही हाच प्रकार घडतो. तो बदल दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा करावा.

हें घरीं सांगणें म्हणजे लहान तोंडीं मोठा घास, असें कोणी पालक म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. मानाची एक पोळी चार बैलांत वांटून द्यावी व पाटींत हिरवा चारा भरावा, असें मुलांनीं आजोबांस नम्रपणें सुचवावें. आणि रात्रीं बैल रवंथ करीत नसेल, तर पशुवैद्यास बोलाविण्यास सकाळची वाट पाहूं नये.