साइडबॉटम या आडनावाची लाज कशासाठी?

काही इंग्रजी आडनावे उच्चारली की ऐकणाऱ्याला हसू फुटते आणि ते हसू आडनाव लावणाऱ्याला जन्मभर सोसावे लागते. साइडबॉटम हे त्यांतले एक. मराठी क्रिकेटरसिकांना ते ठाऊक आहे. डावखुरा जलदगती गोलंदाज रायन साइडबॉटम याने २००८ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हॅमिल्टन कसोटीत हॅट्ट्रिक घेतली होती. त्याचे वडील आर्नी हेही १९८५ मध्ये इंग्लंडकडून एक कसोटी खेळले. आजच्या इंग्रजीत ‘बॉटम’ म्हटले की आधी ढुंगण आठवते, म्हणून या आडनावाची काही माणसे शेवटच्या अक्षरांवर भलताच जोर देऊन ‘सिडिबोटोम’ असा उच्चार करतात. ही लाज मुळातच अनाठायी आहे, असे माझे मत आहे. आडनाव ज्या काळी घडले त्या काळच्या भाषेत आणि ज्या जमिनीवर घडले त्या जमिनीवरच त्याचा अर्थ शोधायला हवा. नंतरच्या पिढ्यांनी त्या शब्दाला काय अर्थ चिकटवला, त्याचा भार आडनावावर टाकणे अन्यायाचे आहे.

जुन्या इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणजे खोऱ्याचा तळ, दोन चढांमधली सखल जमीन. त्याच भाषेत ‘सीद’ म्हणजे रुंद, ऐसपैस. साइडबॉटम म्हणजे रुंद खोऱ्यातला माणूस, इतका साधा आणि सुंदर अर्थ आहे. हा नुसता कोशातला तर्क नाही, नकाशाही तेच सांगतो. मँचेस्टरच्या उत्तरेला रॅम्सबॉटम नावाचे गाव आहे, पूर्वेला एथरो नदीकाठी ब्रॉडबॉटम आहे, केंब्रिजशायरमध्ये सिक्स माइल बॉटम आहे. यांपैकी ब्रॉडबॉटमचा अर्थही रुंद खोरे असाच होतो, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच गावात कापसाच्या गिरण्या चालवणाऱ्या घराण्याचे आडनाव होते साइडबॉटम! गाव आणि घराणे यांच्या नावांत एकच अर्थ दोन वेगळ्या शब्दांनी नांदत होता. विंटरबॉटम, लाँगबॉटम, शफलबॉटम ही आडनावेही याच कुळातली. लँकेशायर, चेशायर आणि यॉर्कशायरच्या डोंगराळ मुलखात ती रुजली. ‘बॉटम’चा शरीराशी जोडलेला अर्थ मात्र लेखी पुराव्यात दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर ही आडनावे लावणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल की ‘-बॉटम’चे ‘-बोथम’ करून लोकांनी पूर्वीच सुटका करून घेतली आहे. साइडबोथम असेही लिहिले जाते, हे खरे. पण प्रत्येक ‘बोथम’ लाजेपोटी जन्मला असे मानणे चूक आहे. या शब्दाचे ‘थ’ असलेले रूपही जुनेच आहे, मध्ययुगीन नोंदींत ते सापडते. इयान बोथमचे आडनाव या शब्दाचेच रूप. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत शतक ठोकून १३ बळी घेणारा तो खेळाडू आडनावाने खोऱ्यातलाच माणूस. तेव्हा कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेलेले रूप वेगळे आणि हसू टाळण्यासाठी मुद्दाम वाकवलेला उच्चार वेगळा. पहिले इतिहासाचा भाग आहे. दुसऱ्याने इतिहासावर पडदा पडतो.

आडनाव हे केवळ ओळखचिन्ह आहे, त्याच्या अर्थाचे काय एवढे, असा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचा साइडबॉटम खोऱ्यात राहत नाही, लंडनच्या सपाट उपनगरात राहत असेल. मान्य. खरे तर स्थळावरून पडलेले आडनाव बहुधा ते स्थळ सोडून गेलेल्यालाच चिकटते. खोऱ्यातच सगळे राहत असताना एकाला खोऱ्यातला म्हणून काय ओळख पटणार? नागपूरकर हे नावही नागपूरबाहेरच उपयोगी पडते. म्हणजे अशा आडनावात एक स्थलांतर नोंदलेले असते. जमिनीची मालकी किंवा घराण्याचा मोठेपणा त्यातून सिद्ध होत नाही, पण ज्या सामान्य माणसांबद्दल दुसरे काहीच लिहून ठेवलेले नाही, त्यांच्यापैकी एकजण कुठून आला याचा तेवढाच पुरावा उरतो. विरळ आडनाव एका कुटुंबाने टाकले की तो पुरावा तेवढा पुसट होतो.

उरतो शाळेतल्या मुलाचा प्रश्न. वर्गात रोज चिडवल्या जाणाऱ्या मुलाला जुनी इंग्रजी शिकवून काय दिलासा मिळणार? त्याचे दुःख मी लहान मानत नाही. इंग्लंडचा कायदाही नाव बदलण्याची पुरेपूर मोकळीक देतो आणि ज्याला ती घ्यायची आहे त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण चिडवणे थांबवण्याची जबाबदारी शिक्षकांची आणि मोठ्यांची आहे. आज शिक्षकच हजेरी घेताना त्या नावापाशी अडखळून हसला, तर मुलांना दुसरे काय कळणार? उत्तर इंग्लंडमधल्या शाळांत मुलांना आपल्याच परिसराचा नकाशा उघडून ‘बॉटम’ने संपणारी गावे शोधायला लावणे अवघड नाही. त्या तासाला साइडबॉटम आडनावाच्या मुलाकडे इतरांना सांगण्यासारखे काहीतरी असेल.